नंबर सांगा, बाई

संपादकांना हवा होता घटस्फोटांवरचा लेख: किती झाले, का झाले, कुणाचे झाले. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कोर्टाच्या आवारात पोचलो आणि आकडे राहिले बाजूला. कडुनिंबाखाली एका वकिलाच्या मुन्शीचं टेबल होतं, तिथंच चार दिवस बसून राहिलो. टेबलावर पत्र्याची पेटी. पेटीत कोर्ट फीची तिकिटं, कोरे नक्कल अर्ज, स्टॅम्प पॅड, दाभण आणि पांढरा दोरा. मुन्शीजी सत्तरीला टेकलेले, एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला. वकीलसाहेब बदलले, टेबल तेच.

पहिल्या दिवशी अकराच्या सुमारास एक बाई आल्या. सोबत भाऊ, हातात प्लास्टिकची पिशवी.

"काहून आल्या, बाई?"

"फारकतीचा कागद पायजे."

"नंबर हाय काय जवळ?"

नंबर नव्हता. त्या चार दिवसांत मी जेवढ्या बाया पाहिल्या, त्यांच्यातल्या एकीकडेच तो होता, आणि तोही चुकीच्या प्रकरणाचा निघाला.

एवढ्या वर्षांनी कागद का लागतो, याची कारणं ठरलेली आहेत. पासपोर्टातलं नवऱ्याचं नाव काढायचं असतं. दुसरं लग्न ठरलेलं असतं. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत घटस्फोटित म्हणून अर्ज करायचा असतो. २०२५ च्या अखेरीस त्यात लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीची भर पडली. नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक द्या, घटस्फोट झाला असेल तर प्रमाणपत्र किंवा कोर्टाच्या आदेशाची प्रत द्या, असं सांगण्यात आलं. महिन्याच्या पंधराशे रुपयांसाठी पंधरा वर्षांपूर्वी मिटलेला संसार कागदावर पुन्हा उघडायचा.

आपल्या बोलण्यात नक्कल म्हणजे कुणाची तरी केलेली थट्टा, नाहीतर परीक्षेतली कॉपी. कोर्टात मात्र नक्कल हाच सगळ्यात खरा कागद. मूळ निकाल कोर्टाबाहेर जात नाही, बाहेर फिरते ती शिक्का-सहीची 'खरी नक्कल'. पूर्वी नक्कलनवीस ती हातानं उतरवून काढत, मग टंकलेखन यंत्र आलं, आता झेरॉक्स. शेवटच्या पानावरचा शिक्का मात्र बदललेला नाही, आणि मला भुरळ पडली ती त्याचीच. त्यात अर्ज कधी आला, नक्कल कधी तयार झाली, कधी दिली, अशा तारखा हातानं भरलेल्या असतात. हिंदू विवाह कायद्यात अपिलाची मुदत ९० दिवस. मुदतीच्या कायद्याचं कलम १२ म्हणतं की नक्कल तयार व्हायला लागलेला वेळ त्या मुदतीत धरायचा नाही. म्हणजे कारकुनाच्या टेबलावर कागद पडून होता, त्या दिवसांचाही हिशोब कायद्यानं ठेवलाय. मुन्शीजी नक्कल हातात आली की आधी उलटी करतात. "वकील लोकं पयले निकाल वाचते, मी पयले तारखा वाचतो."

यवतमाळच्या कज्जांचा इतिहास लांबलचक आहे. तो थोडक्यात उरकतो. इंग्रजांनी १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड घेतलं. पुढे इथला जिल्हा वणीच्या नावानं ओळखला जाई. १९०५ मध्ये वऱ्हाडातल्या जिल्ह्यांची फेरमांडणी झाली, तेव्हा जिल्ह्याचं नाव यवतमाळ झालं आणि वाशीमकडचं पुसद इकडे आलं. लोकनायक बापूजी अणे वणीचे, वकिली केली यवतमाळात. नागपूरचं उच्च न्यायालय १९३६ चं. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला आणि अपिलं नागपूर खंडपीठाकडे जाऊ लागली. हे सगळं मी सांगितलं, तेव्हा मुन्शीजी म्हणाले, "त्यातलं एखादं प्रकरण काढाचं असन तं सांगा. नंबर हाय काय?"

नंबरचा हट्ट कारकुनी वाटतो खरा, पण त्याला कारण आहे. निकाली प्रकरणं रेकॉर्ड रूममध्ये बस्त्यात बांधून जातात, आणि बस्ता कुणाच्या नावाचा नसतो. प्रकरणाचा प्रकार, क्रमांक, साल आणि निकालाची तारीख, यांवरच तो सापडतो. बाईला आठवतं ते निराळंच. "कापूस येचाले चालू झाला होता." "धाकटं लेकरू रांगत होतं." "त्या साली पोळ्याले पाणी नव्हतं." मुन्शीजींची खरी विद्या इथं दिसते. लेकराचं आजचं वय विचारायचं, त्यातून साल काढायचं. न्यायाधीश बाई होत्या की साहेब, कोर्ट जुन्या इमारतीत भरत होतं की नव्या, वकील कोण, तो आता हयात आहे का, एवढं विचारून झालं की ते दोन-तीन सालांवर येऊन थांबतात. मग त्या सालांच्या नोंदवह्यांत शोध घेण्याचा अर्ज. मी पाहिलेल्या तीन शोधांपैकी दोन बरोबर लागले.

आता ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो: राज्य, जिल्हा, कोर्ट, अनुक्रम, साल. तो ठाऊक असला तर मोबाईलवर सगळ्या तारखा दिसतात. नसला तर पक्षकाराच्या नावानं शोधायचं, आणि इथं आपल्या लग्नाची रीत आडवी येते. आडनाव सासरचं होतं, मधलं नाव नवऱ्याचं होतं, पुष्कळ घरांत पाळण्यातलं नावही बदलतं. अर्ज केला तेव्हा ती एक होती, आधार कार्डावर दुसरी आहे. त्यात तिचं नाव इंग्रजीत कुणी कसं लिहिलं असेल, ते त्या दिवशी संगणकावर बसलेल्यालाच माहीत. पहिल्या दिवशीच्या बाईंचं प्रकरण अखेर सापडलं ते नवऱ्याच्या नावावरून. सुटका झाल्याचा कागद शोधायलाही त्याचंच नाव लागलं.

आणि कोर्ट तरी कुठलं? हिंदू विवाह कायद्याच्या कलम १९ प्रमाणे लग्न झालं तिथं, समोरचा पक्ष राहतो तिथं, दोघं शेवटचे एकत्र राहिले तिथं, आणि २००३ पासून अर्जदार पत्नी राहते तिथंही अर्ज करता येतो. सोळा तालुक्यांचा जिल्हा. वणी किंवा उमरखेडहून यवतमाळ शंभर किलोमीटरच्या वर. पैनगंगेपलीकडे नांदेड आणि तेलंगणातलं आदिलाबाद, आणि सोयरिकी नदी बघून होत नाहीत. एकाच जोडप्याच्या फायलीही तीन ठिकाणी असू शकतात: घटस्फोट वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायालयात किंवा कौटुंबिक न्यायालयात, छळाचा फौजदारी खटला दंडाधिकाऱ्यांकडे, घरगुती हिंसाचाराचा अर्ज तिसरीकडे. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्यानं आणखी एक गुंता करून ठेवलाय. नवं कौटुंबिक न्यायालय सुरू झालं की त्याच्या हद्दीतली चालू प्रकरणं तिकडे वर्ग होतात. तिथं नवा नंबर पडतो, आणि बाईच्या पिशवीत जुनाच जपलेला असतो.

मी एका वकिलांना विचारलं, माहिती अधिकारात नाही का मागता येत? नाही. सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०२० मध्ये गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात स्पष्ट केलं की कोर्टाच्या नकला कोर्टाच्याच नियमांनी मागायच्या. त्रयस्थ माणसाला प्रतिज्ञापत्रावर कारण द्यावं लागतं. कौटुंबिक कामकाज बंद दाराआड चालवण्याची आणि छापण्यावर बंधनाची तरतूद हिंदू विवाह कायद्याच्या कलम २२ मध्ये आहे, त्यामुळे इथं हात आखडताच राहतो. ते मला पटतंही. माझ्यासारखे लेखवाले आत शिरले असते, तर त्या बायांच्या गोष्टी दिवाळी अंकात आल्या असत्या.

गंमत अशी की घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची एक प्रत दोन्ही पक्षांना फुकट द्यावी, असं त्याच कायद्याच्या कलम २३ चं चौथं उपकलमच सांगतं. म्हणजे हा कागद बहुतेकींना एकदा मिळालेला असायला हवा. कुणाचा वकिलाकडे राहिला, कुणाचा भावाच्या ट्रंकेत, एकीचा उंदरांनी खाल्ला, एकीनं स्वतः चुलीत घातला. "मले वाटलं, संपलं आता," ती म्हणाली.

कोर्टाकडेही सगळं कायम राहत नाही. निकाल आणि हुकूमनामा दीर्घकाळ जपतात. बाकीचे कागद, समन्स, पुरसीस, ठरलेली मुदत संपली की नष्ट होतात. त्यासाठी १९१७ पासून कायदाच आहे. पुराव्यात लावलेली मूळ कागदपत्रं ज्याची त्यानं परत न्यायची असतात. कोपऱ्यात 'निशाणी' क्रमांक टाकलेल्या लग्नपत्रिका आणि वरमाला घातलेले फोटो. परतीचा अर्ज क्वचितच कुणी करतं, असं मुन्शीजी म्हणाले.

चौथ्या दिवशी दुपारी झरी-जामणीकडच्या एक बाई आल्या. त्यांच्याकडे कागद होता, म्हणून मला बरं वाटलं. शंभर रुपयांचा स्टॅम्प पेपर, पंचांचे अंगठे, दोन साक्षीदार, नोटरीचा लाल शिक्का. फारकतनामा. बाई कोलाम होत्या. अनुसूचित जमातींना हिंदू विवाह कायदा आपोआप लागू होत नाही. तो लागू असलेल्यांच्याही रूढीनं होणाऱ्या फारकतीला कलम २९ मध्ये जागा आहे. म्हणजे त्यांची फारकत खोटी म्हणता येत नाही. पण योजनेच्या खिडकीवर कोर्टाचा आदेश मागितला होता, आणि या फारकतीनं कोर्टाची पायरीच चढलेली नव्हती. नोंदवही नाही, बस्ता नाही, निकालाची तारीख नाही. शोध अर्ज करायचा तरी कशाचा?

मुन्शीजींनी कागद दोनदा वाचला. मागची बाजूही पाहिली. ती कोरी होती. मग जुन्या घड्यांवरच नीट घडी घालून परत दिला.

"याची नक्कल कोर्टात नाही भेटत, माय. पंचात झालं हे."

"मंग?"

"फारकत झाली, असं कोर्टाकडून जाहीर करून घ्या लागन. दावा टाका लागन."

"त्याले नंबर भेटन का?"

"हाव," ते म्हणाले, आणि पेटीतून कोरं वकीलपत्र काढलं. "टाकला त्याच दिवशी भेटते. निकालाचं नाही सांगत."

बाईंनी भावाकडे पाहिलं. भावानं बसच्या वेळेबद्दल विचारलं.