परवान्याची बंदूक : परभणी जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या संदर्भात शस्त्र कायद्याचे स्वरूप

प्रस्तावना

परभणी जिल्ह्याच्या लोकजीवनात परवान्याची बंदूक प्रामुख्याने दोन रूपांत परिचित आहे. बँकेच्या दारात उभ्या असलेल्या माजी सैनिकाच्या खांद्यावरील दुनळी हे तिचे पहिले रूप होय. ती त्याच्या उदरनिर्वाहाचे साधन असते. पुढारी, ठेकेदार किंवा व्यापारी यांच्या कमरेला असलेले पिस्तूल हे दुसरे रूप होय. त्यात संरक्षणाइतकाच प्रतिष्ठेचा भाग असतो. तिसरे रूप मात्र क्वचितच चर्चेत येते, आणि ते म्हणजे पिकाच्या राखणीसाठी शेतकऱ्याने बाळगावयाची ठासणीची बंदूक. विशेष म्हणजे या तिन्हींपैकी कायद्याने सर्वाधिक अनुकूलता दाखविली आहे ती या तिसऱ्या रूपाला. हे वास्तव ग्रामीण भागात फारसे ज्ञात नाही. त्याचप्रमाणे अशा परवान्याने नेमके काय करता येते आणि काय करता येत नाही, याविषयीही मोठा गैरसमज आढळतो. प्रस्तुत लेखात या दोन्ही बाबी स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

उद्दिष्टे

१) भारतीय कायद्यात शस्त्र बाळगण्याचे स्थान काय आहे, हे पाहणे.
२) पीकसंरक्षणासाठी मिळणाऱ्या परवान्याच्या तरतुदी समजून घेणे.
३) शस्त्र परवाना आणि वन्यजीव कायदा यांतील संबंध स्पष्ट करणे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत झालेल्या १८७८ च्या शस्त्र कायद्याने भारतीयांवर परवान्याची सक्ती केली. युरोपीयांना मात्र सूट होती. या भेदभावामुळे शस्त्राचा प्रश्न राष्ट्रीय स्वाभिमानाशी जोडला गेला. महात्मा गांधींनी १९३० मध्ये मांडलेल्या अकरा मागण्यांत स्वसंरक्षणासाठी शस्त्र परवाने देण्याची मागणी होती. १९३१ च्या कराची ठरावातही नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याच्या हक्काचा समावेश होता. तथापि, घटना समितीत डिसेंबर १९४८ मध्ये ह. वि. कामत यांनी हा हक्क मूलभूत हक्कांत घालण्याची सूचना मांडली, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी तिला विरोध केला आणि ती फेटाळली गेली. परिणामी अनुच्छेद १९ मध्ये 'शांततेने व शस्त्राविना' एकत्र जमण्याचा हक्क आहे. शस्त्र बाळगण्याचा हक्क नाही.

अमेरिकेत परिस्थिती याउलट आहे. तेथे १७९१ मधील दुसऱ्या घटनादुरुस्तीच्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये घरात बंदूक बाळगण्याचा, तर २०२२ मध्ये ती घराबाहेर नेण्याचाही व्यक्तिगत हक्क मान्य केला. भारतात शस्त्र ही शासनाने अटींवर दिलेली अनुमती आहे. १९५९ चा शस्त्र कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. त्याच्या विवेचनाचा आरंभ या मूलभूत भेदापासूनच करावा लागतो.

परवान्याची प्रक्रिया

परभणीत पोलीस आयुक्तालय नसल्याने जिल्हाधिकारी हेच जिल्हादंडाधिकारी या नात्याने परवाना देणारे अधिकारी आहेत. अर्ज आल्यानंतर पोलीस ठाण्यामार्फत अर्जदाराचे चारित्र्य, पूर्वेतिहास आणि गरज यांची पडताळणी होते. अर्जदाराचे वय २१ वर्षे पूर्ण असावे लागते. २०१६ च्या शस्त्र नियमांनी शस्त्र हाताळणीचे प्रशिक्षण व घरी सुरक्षित ठेवणुकीची व्यवस्था यांवर भर दिला आहे. २०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे केली, तर एका व्यक्तीने बाळगावयाच्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. वारसाहक्काने येणाऱ्या बंदुकीसही हीच मर्यादा लागू आहे.

शस्त्राची निवडही परवानाधारकाच्या इच्छेवर सोडलेली नाही. नऊ मिलिमीटरचे पिस्तूल किंवा .३०३ रायफल सामान्य नागरिकास मिळत नाही. त्याच्यासाठी प्रामुख्याने बारा बोअरची एकनळी वा दुनळी, .३२ रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल आणि ठासणीची बंदूक हेच पर्याय उरतात. सार्वजनिक ठिकाणी शस्त्र नेताना ते म्यानात किंवा आच्छादनात असणे आवश्यक आहे. ते मिरविता येत नाही. लग्नात वा मिरवणुकीत हर्षभराने केलेल्या, इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्या गोळीबारास २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

पीकसंरक्षण आणि कलम १३

जिंतूरच्या डोंगराळ भागापासून गोदाकाठच्या गंगाखेड, सोनपेठ, पालमपर्यंत ज्वारी, सोयाबीन, तूर, हरभरा या पिकांना रानडुक्कर, रोही आणि हरणांचा उपद्रव होतो. कर्ज काढून पेरलेले पीक एका रात्रीत आडवे होते. म्हणून शेतकरी माळ्यावर बसून, डबे वाजवून, फटाके फोडून जागल करतो. या शेतकऱ्याचा विचार १९५९ च्या कायद्याने केलेला आहे.

कलम १३ मध्ये परवान्याच्या दोन श्रेणी दिसतात. संरक्षण किंवा क्रीडेसाठी किमान वीस इंच नळीची गुळगुळीत नळीची बंदूक आणि खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक यांचा समावेश पहिल्या श्रेणीत होतो. कलम १४ मधील अपात्रतेची कारणे नसल्यास अशा अर्जावर परवाना द्यावा, अशी येथे कायद्याची भाषा आहे. ठासणीची बंदूक अपुरी आहे अशी खात्री पटल्यास अन्य गुळगुळीत नळीची बंदूकही देता येते. दुसऱ्या श्रेणीत पिस्तूल, रिव्हॉल्व्हर इत्यादी येतात. तेथे 'सबळ कारण' असल्याचे अर्जदारास पटवून द्यावे लागते. म्हणजेच कमरेच्या पिस्तुलापेक्षा शेतातील ठासणीच्या बंदुकीचा दावा कायद्याच्या दृष्टीने अधिक भक्कम आहे.

याहून महत्त्वाची तरतूद कलम १४ मध्ये आहे. अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणास्तव परवाना नाकारता येत नाही. नकार दिल्यास सामान्यतः त्याची कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि कलम १८ नुसार त्याविरुद्ध अपील करता येते. 'परवाना मोठ्या माणसांनाच मिळतो' या समजुतीस कायद्याच्या शब्दांत आधार नाही.

बंदूक आहे, शिकारीची मुभा नाही

येथेच दुसऱ्या गैरसमजाचा उगम होतो. पीकसंरक्षणाचा परवाना म्हणजे प्राणी मारण्याची परवानगी नव्हे. बंदूक बाळगण्याची अनुमती महसूल प्रशासनाकडून मिळते. वन्यप्राण्यावर ती चालविण्याची अनुमती १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली, वनविभागाकडून घ्यावी लागते. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर व रोही हे दुसऱ्या अनुसूचीत आहेत. उभ्या पिकास धोका असल्यास मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी प्राधिकृत केलेला अधिकारी कलम ११ नुसार कारणे नमूद करून लेखी परवानगी देऊ शकतो. काळवीट मात्र पहिल्या अनुसूचीत असल्याने केवळ पिकाच्या नुकसानीसाठी त्यास मारण्याची परवानगी मिळू शकत नाही. तेथे नुकसानभरपाईचा अर्ज हाच वैध मार्ग उरतो.

मनुष्यावर बंदूक चालविण्याबाबतही हेच म्हणता येईल. परवान्याने खासगी बचावाचा हक्क वाढत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेची कलमे ३४ ते ४४ परवानाधारकास व इतरांस सारखीच लागू आहेत. शेतातून कापूस चोरून पळणाऱ्यावर गोळी झाडणे हा बचाव ठरत नाही.

हे दोन्ही मार्ग माहीत नसल्याचे परिणाम गंभीर आहेत. कुंपणात वीजप्रवाह सोडण्याचा घातक उपाय अवलंबिला जातो. त्यात प्राण्यांबरोबरच शेजारचा शेतकरी, गुराखी, कधी स्वतः तार लावणाराही बळी पडतो. गावठी कट्टा बाळगणाऱ्यास २०१९ च्या दुरुस्तीनुसार किमान दोन व कमाल पाच वर्षे कारावास होऊ शकतो.

नियंत्रणाची बाजू

परवाना देणे ही प्रक्रियेची केवळ एक बाजू होय. लोकशांतीसाठी आवश्यक वाटल्यास तो कलम १७ नुसार निलंबित किंवा रद्द करता येतो. शेजारच्या बीड जिल्ह्यात मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची ९ डिसेंबर २०२४ रोजी हत्या झाल्यानंतर तेथील शस्त्र परवान्यांचा प्रश्न राज्यभर चर्चिला गेला. जिल्ह्यात बाराशेहून अधिक परवाने असल्याची माहिती प्रसिद्ध झाली आणि फेरतपासणीत अनेक परवाने रद्द करण्यात आले. प्रतिष्ठेसाठी घेतलेले शस्त्र सामाजिक दहशतीचे साधन कसे होऊ शकते, हे या चर्चेतून पुढे आले.

मात्र नियंत्रण सरसकट असू नये. निवडणूक काळात सर्व परवानाधारकांची शस्त्रे जमा करण्याच्या प्रथेबाबत मुंबई उच्च न्यायालयाने २००९ मध्ये गोव्यातील एका प्रकरणात प्रत्येक परवानाधारकाच्या छाननीचा आग्रह धरला. त्यानंतर छाननी समितीची पद्धत रूढ झाली. बँकेच्या रखवालदारास व जागल करणाऱ्या शेतकऱ्यास या भेदाचे महत्त्व विशेष आहे. कारण त्यांची बंदूक जमा होणे म्हणजे एकाची चाकरी व दुसऱ्याचे पीक धोक्यात येणे होय.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, भारतीय कायद्यात शस्त्र हा हक्क नसला तरी गरज हा त्याचा निकष आहे, आणि गरजेच्या क्रमात अल्पभूधारक शेतकऱ्याचे स्थान वरचे आहे. प्रत्यक्षात मात्र बंदुकीची ओळख प्रतिष्ठेशी जडली आहे. ही विसंगती दूर करण्यासाठी महसूल व वन या दोन विभागांच्या परवानग्यांची माहिती ग्रामसभेत एकत्रितपणे दिली जाणे आवश्यक आहे. महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून हे कार्य सहज होऊ शकते. परवानगी कोठे मिळते आणि ती कोठे संपते, हे शेतकऱ्यास कळले, तर कुंपणात वीज सोडण्याची वेळ त्याच्यावर येणार नाही.