माती कापणाऱ्या यंत्रांचे बदलते दात

मुळशी तालुक्यात जमीन खोदताना यंत्राला एकाच वेळी दोन अगदी भिन्न पदार्थांना तोंड द्यावे लागते. पौडपासून ताम्हिणी घाटापर्यंत पसरलेला दख्खनचा बेसॉल्ट, म्हणजेच काळा पाषाण, त्याच्या नैसर्गिक सांध्यांमधून मुरणाऱ्या पाण्याने हळूहळू कुजतो. खंडांचे कोपरे आधी झडतात, कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर सुटत जातात आणि त्यांचा मुरूम होतो, परंतु खंडाचा गाभा मात्र न कुजता गोट्याच्या रूपाने त्या मुरमातच रुतून राहतो. त्यामुळे पोकलेनचा बकेट मऊ मुरमातून सहज सरकत असताना मध्येच अखंड दगडावर आदळतो, आणि जो दात क्षणापूर्वी नुसता घासला जात होता त्यालाच घणासारखा आघात सोसावा लागतो. पुण्याच्या पश्चिम वर्तुळाकार रस्त्याच्या मार्गावर येणाऱ्या आणि हिंजवडीपासून पिरंगुटपर्यंत बांधकामांनी गजबजलेल्या या तालुक्यात असे खोदकाम सतत चालू असल्याने, यंत्राच्या टोकाशी असलेल्या या लहानशा तुकड्याची रचना बारकाईने समजून घेण्याजोगी आहे.

या रचनेमागचे तत्त्व जुने आहे. झीज टाळता येत नाही, म्हणून ती कोठे व्हावी हे आधीच ठरवून त्या जागी स्वस्त आणि सुटा होणारा भाग बसवायचा, हे लाकडी नांगराला लोखंडी फाळ लावणाऱ्या शेतकऱ्याला ठाऊक होते. फाळ बोथट झाला की तो लोहाराकडे पाजवला जाई, नांगर मात्र तोच राही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी विसाव्या शतकाच्या आरंभी लोखंडी नांगर बनवण्यास सुरुवात केली आणि त्यांच्या कारखान्यासाठी १९१० मध्ये किर्लोस्करवाडीची उभारणी झाली. अशा लोखंडी नांगरांत फाळ हा बोल्टने आवळलेला सुटा भाग झाला, आणि आजच्या ग्रेडरच्या, म्हणजे रस्ता समतल करणाऱ्या यंत्राच्या, पात्याखाली बोल्टने जोडलेली ‘कटिंग एज’, म्हणजे झिजण्यासाठीच लावलेली पोलादी पट्टी, त्याच विचाराचा विस्तार आहे.

बकेटच्या दाताचे दोन भाग असतात. बकेटच्या ओठावर वेल्डिंग केलेला अ‍ॅडॉप्टर कायम राहतो, आणि त्याच्या निमुळत्या नाकावर टोपीप्रमाणे चढणारा दात झिजला की बदलला जातो. दोहोंमधून जाणारी पिन व तिला अडवणारा रबरी किंवा पोलादी खटका दाताला निसटू देत नाही. रचनाकाराचे खरे कौशल्य या सांध्यात आहे, धातूच्या निवडीत नंतर. खोदताना येणारे बल नाकाच्या सपाट पृष्ठभागांवर उतरले पाहिजे, पिनेवर येता कामा नये. पिनेचे काम केवळ दात धरून ठेवण्याचे आहे. सांधा थोडा जरी सैल झाला तरी मुरमाची बारीक पूड फटीत शिरते, प्रत्येक हेलकाव्यासरशी नाकाला आतून घासते, आणि पुढे नवा दात बसवला तरी तो डगमगतच राहतो. उलट सांधा फारच घट्ट असेल, तर तीच पूड दाबली जाऊन घट्ट बसते व पिन काढण्यासाठी घणाचे घाव घालावे लागतात. कठीण पोलादावर पोलादाचा घाव बसला की कपची उडून डोळ्याला इजा होण्याचा धोका असतो, म्हणूनच अलीकडे घणाशिवाय, पाना फिरवून उघडणाऱ्या खटक्यांच्या रचना पुढे आल्या आहेत. त्यांची किंमत अधिक असली तरी कामगाराच्या डोळ्यापुढे ती मोठी मानू नये.

दात किती कठीण असावा, हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. बेसॉल्टमधील फेल्डस्पार हे खनिज मोह्सच्या काठिण्यश्रेणीत सहाच्या आसपास येते, आणि त्याच्या पोकळ्यांत साठलेली गारगोटी सातपर्यंत पोहोचते. घर्षणाने होणारी झीज रोखायची तर पोलादाचे काठिण्य या खनिजांच्या जितके जवळ नेता येईल तितके चांगले. परंतु काठिण्य वाढवताना चिवटपणा, म्हणजे आघात सोसूनही न तुटण्याचा गुण, कमी होतो. रॉबर्ट हॅडफिल्ड यांनी १८८२ मध्ये इंग्लंडमधील शेफील्ड येथे शोधलेले, सुमारे १२ टक्के मँगनीज असलेले पोलाद आघाताने पृष्ठभागावर अधिकच कठीण होत जाते, म्हणून खडी क्रशरच्या जबड्यांसाठी ते आजही वापरले जाते. मात्र जेथे आघात थोडा आणि घासणे फार, अशा मुरमात त्याचा पृष्ठभाग पुरेसा कठीण होतच नाही व ते लवकर झिजते. यामुळे दातांसाठी क्रोमियम, मॉलिब्डेनम यांसारखी मूलद्रव्ये अल्प प्रमाणात मिसळलेले पोलाद ओतून, ते तापवून झटकन थंड करतात आणि पुन्हा बेताने तापवून त्याचा ठिसूळपणा घालवतात. हे काठिण्य वरच्या कातडीपुरते न राहता गाभ्यापर्यंत उतरले पाहिजे, नाहीतर वरचा थर गेला की उरलेला दात पाहता पाहता संपतो. कटिंग एजच्या पोलादात बोरॉन घालतात ते याचसाठी. टक्क्याच्या काही हजाराव्या भागाइतके बोरॉनही काठिण्य खोलवर पोहोचवण्यास पुरते.

ग्रेडरचे काम वेगळे आहे. रस्त्यावर मुरूम पसरून समपातळीत आणणाऱ्या त्याच्या पात्याची सरळ धार सगळीकडे सारखी झिजत नाही, आणि एका जागी बाक आला की अख्खी पट्टी बदलावी लागते. ती ज्या बोल्टांनी जोडतात त्यांचे डोके पट्टीत बुडालेले व मान चौकोनी असते, म्हणजे मागून नट आवळताना बोल्ट जागच्या जागी फिरत नाही. पण पावसाळ्यात नट गंजले की गॅसकटरशिवाय इलाज उरत नाही. यावर निघालेला उपाय म्हणजे धारेचे लहान लहान तुकडे करणे. पट्टीऐवजी भोकांची जाड फळी बोल्टने लावायची आणि प्रत्येक भोकात टंगस्टन कार्बाइडचे टोक असलेला गोल दांड्याचा बिट ठोकून बसवायचा. तो आपल्या अक्षाभोवती फिरू शकत असल्याने चहूबाजूंनी सारखा झिजतो, आणि जो संपला तोच तेवढा काही मिनिटांत बदलता येतो. शिवाय बल थोड्या क्षेत्रावर एकवटल्यामुळे वाहनांनी दाबून घट्ट झालेला पृष्ठभागही तो सहज फोडतो. डांबरी रस्ता खरवडणाऱ्या मिलिंग यंत्राच्या ड्रमवरचे बिटही याच घडणीचे असतात.

कार्बाइडचा हा प्रकार, म्हणजे टंगस्टन कार्बाइडचे अतिकठीण कण कोबाल्टने सांधून केलेला पदार्थ, कार्ल श्रोटर यांनी जर्मनीत १९२३ मध्ये सिद्ध केला. कण भरड ठेवले व कोबाल्ट वाढवले की तो अधिक आघात सोसतो, तरीही मुळशीच्या मुरमातील गोट्यावर जोराने आदळल्यास त्याचे टोक फुटण्याची शक्यता राहतेच. आणि भोवतीचे पोलाद आधी झिजून गेले, तर शाबूत टोकही आधार सुटून गळून पडते.

या तालुक्यातील अतिवृष्टीचा परिणाम यंत्राच्या दुरुस्तीवरही होतो. अ‍ॅडॉप्टरचे वेल्डिंग करताना इलेक्ट्रोड दमट असेल, तर त्यातील हायड्रोजन जोडात शिरून काही काळाने तडा जातो. म्हणून इलेक्ट्रोड भट्टीत सुकवणे, ओठ आधी तापवून घेणे आणि जोड पावसात उघडा न सोडणे, ही पथ्ये येथे कसोशीने पाळावी लागतात.

अशा भूमीत खोदकामाच्या बकेटला चिवट मिश्रपोलादाचा दात आणि समतल करणाऱ्या ग्रेडरला कार्बाइडचे बिट, ही विभागणी सर्वांत योग्य ठरते. खरेदी करताना दाताच्या किमतीपेक्षा तो किती तास चालला याची नोंद पाहावी, आणि कोणताही दात अ‍ॅडॉप्टरचे नाक उघडे पडेपर्यंत चालवू नये, कारण दात बदलणे हे काही मिनिटांचे काम आहे, तर झिजलेला अ‍ॅडॉप्टर कापून नवा जोडायचा म्हणजे यंत्र बंद ठेवावे लागते.