तलावाची दुरुस्ती आणि पाखरांची नोंद

वैनगंगेच्या खोऱ्यातील भंडारा व गोंदिया हे जिल्हे तलावांचे जिल्हे म्हणून सर्वपरिचित आहेत. तिरोडा तालुक्यात बोदलकसा व चोरखमारा यांसारखे मोठे तलाव आहेत, आणि धानाच्या बांध्यांमधून असंख्य लहान बोड्याही आहेत. पूर्व विदर्भातील साडेसहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तलाव हे बव्हंशी कोहळी समाजाच्या कौशल्याचे व गोंड राजांच्या दूरदृष्टीचे फळ होय. 1951 साली मालगुजारी संपुष्टात आली, तलाव शासनाकडे आले आणि त्यांच्या देखभालीची जुनी घडी विस्कटली.

गाव वाढून नगर झाले की त्याच्या पोटातील तलावाची अवस्था आणखी बिकट होते. गटारांचे पाणी तलावात शिरते. त्यातील नत्र व स्फुरद यांवर जलपर्णी पोसली जाते. काठावर बेशरम माजते. मग कधीतरी निधी मिळतो आणि तलावाच्या पुनरुज्जीवनाचे काम सुरू होते. गाळ निघतो, काठाला दगडी पिचिंग होते, फिरण्याची वाट होते, दिवे लागतात. अशाच एका नगरातील तलावाच्या लोकार्पणास प्रस्तुत लेखक उपस्थित होता. समारंभ झाल्यावर एका वृद्ध ढिवराने सहज विचारले, "साहेब, आता अडई कुठं बसन जी?" त्या प्रश्नाचे उत्तर मंचावरील कोणापाशीही नव्हते. तलावात पूर्वी कोणती पाखरे व कोणत्या वनस्पती होत्या, याची कसलीच नोंद अंदाजपत्रकात वा अन्यत्र नव्हती.

ही उणीव लहान वाटते. परंतु तिचे परिणाम लहान नाहीत. तलावातील पाणवनस्पती थराथराने असतात. खोल पाण्याखाली हायड्रिला व वॅलिस्नेरिया, पृष्ठभागावर कमळ व कुमुद, उथळ काठाला देवधान व पाणकणीस. प्रत्येक थरावर वेगळी पाखरे जगतात. कमळपक्षी तरंगत्या पानांवरच अंडी घालतो. जांभळी पाणकोंबडी लव्हाळ्यांत घरटे करते. मुग्धबलाक उथळ पाण्यातील गोगलगायी वेचतो. हिवाळ्यात येणारे तलवार बदक व मोठी लालसरी पाण्यातील वनस्पतींवर गुजराण करतात. काठ सरळसोट करून तळ सर्वत्र सारखाच खोल केला की उथळ पट्टा नाहीसा होतो. पाणी वाढलेले दिसते. परंतु माशांची अंडी घालण्याची जागा आणि पाखरांचा चारा दोन्ही जातात. ढिवरांच्या जाळ्यात मासळी कमी का येते, याचे एक कारण येथे सापडते.

निरीक्षणाचे मोल काय असते, याचा धडा भरतपूरच्या केवलादेव अभयारण्याने दिला आहे. तेथे 1982 साली म्हशींच्या चराईवर बंदी घालण्यात आली. हेतू चांगलाच होता. परंतु बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने अमेरिकेच्या वन्यजीव खात्याच्या अर्थसाहाय्याने तेथे जवळजवळ दशकभर अभ्यास चालविला होता. चराई थांबल्याने पॅस्पॅलम जातीचे गवत बेसुमार माजून उघडे पाणी आक्रसले आणि पाखरांचे नुकसान झाले, हे त्या नोंदींवरून उघड झाले. नोंदी नसत्या तर बंदी यशस्वी झाली, असेच सर्वांनी मानले असते.

आपल्या जिल्ह्यातही मार्गदर्शक उदाहरण आहे. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने अर्जुनी मोरगाव परिसरात ढिवर समाजाच्या पारंपरिक ज्ञानाच्या आधारे तलावांतील बेशरम काढून स्थानिक पाणवनस्पतींची पुन्हा लागवड केली. कोणती वनस्पती कोणत्या माशाला व पाखराला हवी, हे जाणणारी माणसे गावातच असतात, हे त्यावरून ध्यानी यावे. सारस गणनेचा अनुभवही तोच. महाराष्ट्रात हा पक्षी मुख्यत्वे गोंदियात व अल्प प्रमाणात भंडारा-चंद्रपुरात आढळतो. वन विभाग, स्वयंसेवी संस्था व शेतकरी मिळून त्याची गणना करतात. संख्या पन्नाशीच्या आतच आहे, हे दरवर्षीच्या मोजणीमुळेच आपण खात्रीने सांगू शकतो.

नोंदीचे काम अवघड नाही. काठावर ठरावीक जागा निश्चित कराव्यात व सूर्योदयानंतरच्या पहिल्या दोन तासांत तेथून पक्षी मोजावेत. काठापासून खोल पाण्याकडे दोर टाकून ठरावीक अंतरावर एक मीटर चौरस चौकट ठेवावी आणि तीतील वनस्पती लिहाव्यात. एकाच जागेवरून दर हंगामात छायाचित्र घ्यावे. जून, ऑक्टोबर-नोव्हेंबर व जानेवारी अशा तीन फेऱ्या पुरेशा ठरतात. जानेवारीची फेरी आशियाई पाणपक्षी गणनेशी जोडता येते. ही गणना 1987 पासून दरवर्षी होते. मात्र कामापूर्वीचे एक वर्ष व नंतरची किमान तीन वर्षे नोंद हवी; एका वर्षाच्या कमीअधिक पावसानेही आकडे फिरतात.

खरी अडचण पैशाची आहे, आणि तीही रकमेची नव्हे, लेखाशीर्षाची. राष्ट्रीय जलीय परिसंस्था संवर्धन योजनेत केंद्र व राज्य यांचा वाटा 60:40 असतो. 2021 साली सुरू झालेल्या अमृत अभियानाच्या दुसऱ्या टप्प्यात शहरांतील जलाशयांचे पुनरुज्जीवन अंतर्भूत करण्यात आले. परंतु अंदाजपत्रक बनविताना घनमीटर गाळाचा दर असतो, पाखरांचा नसतो! शिवाय 2017 च्या पाणथळ नियमांत सिंचनासाठी किंवा पिण्याच्या पाण्यासाठी मुद्दाम बांधलेले जलाशय पाणथळीच्या व्याख्येतून वगळले आहेत. आपले बहुतेक तलाव सिंचनासाठीच बांधलेले असल्याने त्या नियमांचे संरक्षण गृहीत धरता येत नाही.

म्हणून स्थानिक संस्थांनीच मार्ग काढणे इष्ट. जैवविविधता अधिनियम, 2002 अन्वये प्रत्येक नगर परिषदेत व ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते. लोक जैवविविधता नोंदवही व स्थानिक जैवविविधता निधी यांचीही त्यात तरतूद आहे. तलावाच्या कामाच्या मूळ प्रस्तावातच निरीक्षणाची स्वतंत्र बाब दाखवावी आणि पुढील तीन वर्षांची रक्कम या निधीत वर्ग करण्यास आधीच मंजुरी घ्यावी. अन्यथा 31 मार्चला अखर्चित रक्कम परत जाते, आणि पाहुणी बदकेही त्याच सुमारास उत्तरेकडे निघतात. खर्चाच्या बाबी मोजक्याच आहेत: दोन दुर्बिणी, एक डोंगा, नोंदवह्या, विद्यार्थ्यांचे प्रशिक्षण आणि ढिवर निरीक्षकांचे मानधन. यांतील मानधनाला कात्री लावू नये. तलावाची माहिती फुकट द्यावी, अशी अपेक्षा आपण अभियंत्याकडून करीत नाही. ढिवराकडूनच का करावी?

तिरोडा परिसरातील शाळांना या कामात सहज सहभागी होता येईल. येत्या जूनमध्ये, पहिला पाऊस पडून बोड्या भरण्यापूर्वी, आपल्या गावच्या तलावाची पहिली फेरी घेऊन नोंदवहीचे पहिले पान भरता येईल.