घरात क्षयाचा रोगी असेल तर
(औषध आणि शुश्रूषा)



खोकला थांबला, ताप उतरला, भाकरी गोड लागायला लागली. गोळ्या सुरू करून दोन महिने झाले. तेवढ्यात पाऊस पडतो, वापसा येतो, पेरणीची घाई सुटते आणि गोळ्यांचं पाकीट फळीवरच राहून जातं. घरचे म्हणतात, "आता बरा झालाय की, कशाला रोज गोळ्या?" क्षयाच्या, म्हणजे टीबीच्या, रोग्याचा घात पुष्कळदा इथेच होतो. बरं वाटणं आणि बरं होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांतला फरक समजून घेऊ या.

सहा महिने कशासाठी?

हरळी वरवर खुरपली तर चार दिवस रान स्वच्छ दिसतं. पण काशा जमिनीत राहिल्या की पहिल्या पावसाला ती पुन्हा उठते. क्षयाच्या जंतूंचं तसंच आहे. भराभर वाढणारे जंतू पहिल्या काही आठवड्यांत मरतात, म्हणून रोग्याला आराम पडतो. पण काही जंतू सुस्त पडून असतात. ते मारायला वेळ लागतो. साध्या क्षयाला म्हणून निदान सहा महिने रोज औषध घ्यावं लागतं. पहिले दोन महिने चार औषधं आणि पुढचे चार महिने तीन औषधं असतात. गोळ्या किती घ्यायच्या ते रोग्याच्या वजनावर ठरतं. दुसऱ्याच्या गोळ्या आपण घेऊ नयेत, आपल्या दुसऱ्याला देऊ नयेत.

एकाच वेळी इतकी औषधं का, असं कुणी विचारील. एकच कीटकनाशक वारंवार फवारलं की अळी त्याला दाद देत नाही, हे आपण कपाशीवर पाहिलं आहे. जंतूही एका औषधाला सरावतात. औषध मध्येच सोडलं तर असे सरावलेले जंतू मागे राहून वाढू शकतात. मग नेहमीची औषधं लागू पडत नाहीत, दुसरी द्यावी लागतात, आणि ती सोसायला जड असतात. शिवाय तोच बिघडलेला रोग घरच्यांना लागू शकतो.

रोग्याला घराबाहेर काढू नका

सन १९५६ मध्ये मद्रासला एक मोठी पाहणी सुरू झाली. काही क्षयरोग्यांना आरोग्यधामात ठेवलं, तर काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या गरीब घरातच औषध दिलं. सन १९५९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. घरी राहिलेले रोगीही जवळजवळ तितकेच चांगले बरे झाले होते, आणि त्यांच्या घरच्यांना रोग जास्त लागला असंही दिसलं नाही. तेव्हा गोठ्याशेजारी वेगळी खोपी बांधायची गरज नाही. गरज आहे ती नेमाने औषध घेण्याची.

हा रोग हवेतून पसरतो. खोकताना, शिंकताना जंतू उडतात. ताटवाटीने किंवा कपड्याने तो लागत नाही. औषध लागू पडलं की साधारण दोन आठवड्यांत रोग्यापासून इतरांना असलेला धोका पुष्कळच कमी होतो. तोवर एवढं सांभाळा:

१. रोग्याची खाट खिडकीजवळ, वाऱ्या-उजेडात टाका. कोंदट खोलीत लहान मुलांना त्याच्याजवळ झोपवू नका.

२. खोकताना तोंडावर रुमाल किंवा धोतराचा सोगा धरायला लावा.

३. थुंकी झाकणाच्या डब्यात, थोडं फिनेल घालून साठवा आणि नंतर पुरून टाका. अंगणात, गोठ्यात थुंकू देऊ नका.

४. घरातल्या प्रत्येकाची तपासणी करून घ्या. रोग नाही असं ठरलं तर डॉक्टर प्रतिबंधक गोळ्या सुचवतात. पाच वर्षांखालच्या मुलांना त्या विशेष गरजेच्या आहेत.

गोळ्यांचा त्रास ओळखा

घरच्या माणसाने गोळ्या आपल्यासमोर घ्यायला लावाव्यात आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज खूण करावी. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट गोळ्या घेऊ नयेत. नेहमीएवढ्याच घ्याव्यात आणि आशाताईंना सांगावं.

लघवी तांबूस-नारिंगी झाली तर घाबरू नका. तो औषधाचा रंग आहे. मळमळ, सांधेदुखी, हातापायाला मुंग्या असा त्रास झाला तर गोळ्या चालू ठेवून दवाखान्यात सांगा. त्यावर उपाय असतो.

पण डोळे पिवळे दिसू लागले, उलट्या थांबेनात, नजर अंधुक झाली, तांबडा-हिरवा रंग ओळखेना किंवा अंगभर पुरळ उठलं, तर गोळ्या थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. पुढे काय करायचं ते डॉक्टरच ठरवतील. या काळात दारू बंद ठेवा, कारण औषधाचा भार यकृतावर असतोच. पाळणा लांबवण्याच्या गोळ्या घेणाऱ्या बाईने तसं आधी सांगावं. क्षयाच्या एका औषधामुळे त्या गोळ्यांचा गुण कमी होतो.

अंगातली ताकद

जंतूंशी निम्मी झुंज शरीरच देतं. साखरेचा आजार, एचआयव्ही, किंवा संधिवातासारख्या दुखण्यावर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील, तर ती झुंज लंगडी पडते. असं काही असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका.

खुराकाचंही मोल मोठं आहे. झारखंडात २०१९ पासून झालेल्या एका पाहणीत क्षयरोग्यांच्या घरच्यांना जादा धान्य-डाळ दिली, तर त्या घरांत क्षयाचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी कमी झालं. महागाची टॉनिकं नकोत. भाकरी, डाळ, उसळ, शेंगदाणे, अंडी, उकळलेलं दूध पोटभर द्या आणि महिन्याला वजन करा. तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. खुराकासाठी उपचाराच्या काळात दरमहा मदतही मिळते. नोव्हेंबर २०२४ पासून ती १००० रुपये झाली आहे. त्यासाठी बँकेचं खातं नोंदवा.

ऊसतोडीला जाण्याआधी

कामासाठी गाव सोडायचं झालं तर आधी आरोग्य केंद्रात कळवा. तिथून पुढच्या ठिकाणच्या केंद्राकडे नाव पाठवता येतं. नोंदणी क्रमांक लिहून घ्या आणि वाटेपुरत्या गोळ्या बरोबर ठेवा. अडलं तर १८००-११-६६६६ हा फुकट फोन आहे.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, घटणारं वजन, बेडक्यात रक्त, यांतलं काही दिसलं तर थुंकीची तपासणी करून घ्या. औषध सुरू झाल्यावरही सांगितलेल्या वेळी थुंकी पुन्हा तपासा. गोळ्या बंद कधी करायच्या ते आपल्या अंदाजाने ठरवू नका, डॉक्टरांना विचारा. पेरणी चार दिवस मागेपुढे झाली तर सावरता येते, गोळ्यांचं तसं नाही.

हे पत्रक जपून ठेवा. ज्याला वाचता येत नाही त्याला पारावर बसून वाचून दाखवा.