त्सुनामी लाटा : गैरसमज आणि वस्तुस्थिती

वाऱ्याने उठणारी लाट समुद्राच्या वरच्या थरापुरतीच मर्यादित असते. मात्र भूकंपामुळे समुद्रतळ अचानक उचलला गेला किंवा खचला, तर तळापासून पृष्ठभागापर्यंतचे सगळे पाणी हलते आणि त्यातून त्सुनामी निर्माण होते. हा भेद लक्षात न घेतल्यामुळे तिच्याविषयी अनेक गैरसमज रूढ झाले आहेत आणि त्यांतील काही जीवघेणे ठरले आहेत.

गैरसमज : भर समुद्रातही त्सुनामी डोंगराएवढी उंच असते.

वस्तुस्थिती : २६ डिसेंबर २००४ रोजी सुमात्राजवळ झालेल्या भूकंपानंतर सुमारे दोन तासांनी जेसन-१ या उपग्रहाने हिंदी महासागरात नोंदवलेली लाटेची उंची जेमतेम ६० सेंटिमीटर होती. लाटेच्या लागोपाठच्या दोन शिखरांमधील अंतर, म्हणजेच तरंगलांबी, शेकडो किलोमीटर असू शकत असल्याने जहाजावरील खलाशांना हा चढउतार जाणवतही नाही. तिचा वेग पाण्याच्या खोलीवर अवलंबून असतो : ४,००० मीटर खोलीवर तो ताशी सुमारे ७०० किलोमीटर असतो, तर १० मीटर खोलीवर ताशी ३५ किलोमीटरच्या आसपास येतो. उथळ पाण्यात लाटेचा पुढचा भाग मंदावतो, मागचा भाग त्याला गाठू लागतो, तरंगलांबी आखडते आणि लाटेची उंची वाढते.

गैरसमज : त्सुनामी ही एकच लाट असून पहिला तडाखा ओसरला की धोका टळतो.

वस्तुस्थिती : त्सुनामी ही लाटांची मालिका असते. दोन लाटांमध्ये दहा मिनिटांपासून तासाभराचे किंवा त्याहून अधिक अंतर असू शकते आणि प्रत्येक लाटेचे पाणी कित्येक मिनिटे आत शिरत राहते. मे १९६० मध्ये चिलीत झालेल्या भूकंपाची त्सुनामी सुमारे पंधरा तासांनी हवाई बेटांवरील हिलो शहरात पोहोचली, तेव्हा पहिल्या लाटा तुलनेने लहान होत्या. सर्वांत विनाशकारी लाट त्यानंतर आली आणि शहरात ६१ जणांचा बळी गेला.

गैरसमज : त्सुनामीपूर्वी समुद्र नेहमीच मागे हटतो.

वस्तुस्थिती : लाटेचे शिखर आधी पोहोचते की खळगा, यावर हे ठरते. २००४ च्या भूकंपात भ्रंशाच्या, म्हणजे ज्या भेगेवर खडक सरकले तिच्या, पश्चिमेकडचा समुद्रतळ उचलला गेला आणि पूर्वेकडचा खचला. त्यामुळे थायलंडच्या किनाऱ्यावरून पाणी आधी ओसरले, तर भारत आणि श्रीलंकेच्या किनाऱ्यांवर आधी शिखरच येऊन थडकले. पाणी ओसरण्याची वाट पाहत थांबणे म्हणूनच घातक ठरते.

गैरसमज : भारताच्या पश्चिम किनाऱ्याला त्सुनामीचा धोका नाही.

वस्तुस्थिती : नोव्हेंबर १९४५ मध्ये अरबी समुद्राच्या उत्तरेकडील मकरान किनाऱ्याजवळ झालेल्या भूकंपाच्या लाटा मुंबईपर्यंत पोहोचल्या होत्या आणि तेथे जीवितहानीही झाली होती. हैदराबाद येथील त्सुनामी पूर्वसूचना केंद्र २००७ पासून कार्यरत असले, तरी भूकंपाचे केंद्र किनाऱ्याजवळ असल्यास पहिली लाट काही मिनिटांतच पोहोचू शकते. त्यामुळे किनाऱ्यावर दीर्घकाळ किंवा तीव्र हादरे जाणवले, तर तीच पूर्वसूचना मानून लगेच उंच जागी जाणे आणि प्रशासनाने धोका टळल्याचे जाहीर करेपर्यंत खाली न उतरणे, हाच सुरक्षित मार्ग होय.