पुलाची भेग आणि यंत्राचा डोळा

'भिंतीला कान असतात' असे आपण म्हणतो. तिला तोंडही असते, हे मला गवंडीकाम करणाऱ्या माझ्या मामांनी शिकवले. ते हातोडीने गिलाव्यावर हलकेच ठोकतात. खणखणीत आवाज आला तर ठीक. 'बद्द' वाजले की आत पोकळी आहे असे समजायचे. पुलांची तपासणी करणारे अभियंतेही आजवर हेच करीत आले: डोळ्यांनी पाहायचे, हातोडीने ठोकायचे आणि वहीत टिपायचे. आता या कामात कृत्रिम बुद्धिमत्ता आली आहे. ती नेमके काय करते आणि तिच्यावर कितपत विसंबावे, हे मला जसे उमगले तसे येथे मांडतो.

माणसाचा डोळा चुकतो, हे आधी कबूल केले पाहिजे. अमेरिकेत मेम्फिस शहराजवळ मिसिसिपी नदीवर १९७३ साली खुला झालेला पोलादी कमानीचा मोठा पूल आहे. मे २०२१ मध्ये त्याच्या एका मुख्य तुळईला मोठी भेग आढळली. वाहतूक तत्काळ थांबवावी लागली आणि पूल पुन्हा सुरू होण्यास जवळजवळ तीन महिने गेले. मागाहून जुनी चित्रे काढून पाहिली, तेव्हा २०१९ साली ड्रोनने घेतलेल्या चित्रफितीत ती भेग दिसत होती! म्हणजे कॅमेऱ्याने पाहिले होते, माणसाने पाहिले नव्हते. तासन् तास तेच ते पोलाद पाहून डोळा थकतो. यंत्र थकत नाही, हाच त्याचा मोठा गुण.

पण यंत्राला भेग कळते कशी? लहान मूल जसे 'ही गाय, ही म्हैस' असे ऐकत ऐकत शिकते, तसेच. अमेरिकेतील यूटा राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली काँक्रीटची ५६ हजारांहून अधिक लहान छायाचित्रे एकत्र केली. प्रत्येकावर 'भेग आहे' किंवा 'भेग नाही' अशी खूण होती. अशा चित्रांवरून यंत्र आधी उजेड-अंधाराच्या कडा ओळखते, मग रेषा, मग रेषांची वळणे. आणि शेवटी भेग असण्याची शक्यता आकड्यात सांगते. किती आकड्याला घंटा वाजवायची, हे मात्र माणसानेच ठरवायचे. मर्यादा खाली ठेवली तर प्रत्येक कोळिष्टक भेग ठरते. वर ठेवली तर खरी भेग निसटते.

गेल्या वर्षी मी व माझ्या मित्राने वसतिगृहाच्या भिंतींवर असाच प्रयोग केला. प्रोग्राम लिहिणे आम्हांला जेमतेम येत होते, म्हणून तेही काम कृत्रिम बुद्धिमत्तेकडूनच करून घेतले. पाच मिनिटांत प्रोग्राम हाती आला आणि पहिल्याच चाचणीत जवळजवळ पैकीच्या पैकी गुण! आम्ही हुरळून गेलो. आमच्या सरांनी मात्र शांतपणे विचारले, "परीक्षेची चित्रे कोठून आणली?" तपासतो तो काय, प्रोग्रामने प्रत्येक छायाचित्राचे तुकडे केले होते आणि एकाच भिंतीचे काही तुकडे अभ्यासाला, तर काही परीक्षेला दिले होते. प्रश्नपत्रिका आधीच फुटली होती म्हणा ना! चूक सुधारून न पाहिलेल्या भिंती दिल्या, तेव्हा गुण धाडकन खाली आले. तारेची सावलीसुद्धा भेग ठरू लागली. प्रोग्राम कोठेही अडला नव्हता, एकही चूक दाखवीत नव्हता. म्हणूनच ती चूक अधिक घातक होती.

शिवाय छायाचित्रात पृष्ठभाग दिसतो. आतली पोकळी दिसत नाही, पाण्याखालचा पायाही दिसत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात कोसळला आणि एस. टी. च्या दोन गाड्या वाहून गेल्या. मुंबई-गोवा रस्त्याने जाणाऱ्या आपल्यापैकी कोणीही त्या गाडीत असू शकला असता. अशा ठिकाणी पाणबुड्या हवा, ध्वनिलहरींचे उपकरण हवे, आणि कागदावर आलेला इशारा वेळीच मनावर घेणारा अधिकारीही हवा.

म्हणून यंत्राच्या डोळ्याला नाके मुरडू नयेत आणि त्याला देवही मानू नये. हजार चित्रांतून संशयाची दहा काढून देणे त्याचे काम. त्या दहा जागी शिडी लावून चढणे, ठोकून ऐकणे आणि अहवालाखाली सही करणे आपले. मामांची हातोडी मी अजून पिशवीत बाळगतो, ती त्यासाठीच.