झाकलेला खड्डा : कथेतला, खेळातला आणि शिवारातला

कथा सांगण्याच्या शास्त्रात झाकलेल्या खड्ड्याइतके स्वस्त आणि हमखास साधन दुसरे नसेल. चार फांद्या, वर पालापाचोळा, त्यावर थोडी माती, आणि त्या वाटेने निश्चिंतपणे चालत येणारा एक जीव. वाचकाला खड्डा ठाऊक असतो, चालणाऱ्याला नसतो. गोष्ट ऐकणारे पाच वर्षांचे मूल या ठिकाणी अंथरुणात उठून बसते आणि ‘अरे, तिकडे जाऊ नको!’ असे ओरडते. गोष्टीतल्या सशाला ते ऐकू जाणार नाही, हे त्यालाही कळत असते; तरीही त्याला ओरडल्यावाचून राहवत नाही. बालरोगतज्ज्ञाला या ओरडण्यात मुलाच्या वाढीचा एक महत्त्वाचा टप्पा दिसतो. त्याविषयी पुढे येईलच. आधी आपल्या परंपरेतले काही खड्डे पाहू.

महाभारतात झाकलेल्या विहिरी अनेक आहेत. आदिपर्वातली शर्मिष्ठा रागाच्या भरात देवयानीला विहिरीत ढकलून निघून जाते. शिकारीने थकलेला, तहानलेला ययाती पाणी शोधत तेथे येतो. विहीर कोरडी असून तिच्यावर गवत आणि वेली माजल्या आहेत. आत पाण्याऐवजी त्याला एक तरुणी दिसते, आणि तो तिचा उजवा हात धरून तिला वर काढतो. पुढचे सारे नाट्य, तो विवाह, तो शाप, पुरूचे ते यौवनदान, या एका कोरड्या विहिरीतून वर येते. वि. स. खांडेकरांच्या 1959 सालच्या ‘ययाति’ने ही कथा मराठी घराघरांत पोहोचवली.

त्याच आदिपर्वात आणखी एक विहीर आहे, आणि ती मुलांची आहे. हस्तिनापुराबाहेर खेळणाऱ्या राजपुत्रांची विटी विहिरीत पडते. मुले काठावर गोळा होऊन आत डोकावतात, पण काढण्याचा उपाय कोणाला सुचत नाही. तेथे आलेले द्रोण गवताची एक काडी नेम धरून विटीत रोवतात, तिच्या टोकात दुसरी, दुसरीच्या टोकात तिसरी, अशी साखळी करून विटी वर काढतात. द्रोणाचार्यांचा कुरुकुलात प्रवेश होतो तो असा. विहिरीत पडलेले खेळणे आणि काठावरून वाकून पाहणारी मुले, हे दृश्य आपण पुढे आठवणीत ठेवू.

तिसरी विहीर स्त्रीपर्वातली. पुत्रशोकाने खचलेल्या धृतराष्ट्राला विदुर एक रूपक सांगतो. घोर अरण्यात भटकणारा एक ब्राह्मण तृणवेलींनी झाकलेल्या विहिरीत पडतो आणि वेलींत अडकून, फणस लोंबावा तसा, खाली डोके वर पाय अशा अवस्थेत लटकतो. तळाशी महासर्प, काठावर सहा तोंडांचा आणि बारा पायांचा हत्ती, मुळे कुरतडणारे काळे-पांढरे उंदीर. आणि तशातही वरून ठिबकणारा मध तो चाटतो आहे. हत्ती म्हणजे संवत्सर, उंदीर म्हणजे रात्र आणि दिवस, असा उलगडा विदुर करतो. संसाराचे वर्णन करायला व्यासांना झाकलेल्या विहिरीहून समर्पक प्रतिमा सापडली नाही.

पश्चिमेच्या वाङ्मयात खड्डा बहुधा हत्यार म्हणून येतो. डॅनियल डिफोचा रॉबिन्सन क्रूसो (1719) बंदुकीची दारू संपत आली म्हणून खड्डे खणून रानबकऱ्या धरतो आणि त्यातून कळप उभा करतो. रिचर्ड कॉनेलच्या 1924 सालच्या ‘द मोस्ट डेंजरस गेम’ या कथेत माणसाचीच शिकार चालू आहे. पळणारा नायक ब्रह्मदेशी पद्धतीचा वाघाचा खड्डा खणतो, आणि पाठलाग करणाऱ्याचा एक कुत्रा त्यात जातो. मिल्नच्या 1926 सालच्या पुस्तकात विनी द पू हे अस्वल एका काल्पनिक प्राण्यासाठी खोल खड्डा करवून त्यात आमिष म्हणून मधाचे भांडे ठेवते. मग रात्री भूक लागली म्हणून स्वतःच तेथे जाते आणि भांड्यात डोके अडकवून घेते. दुसऱ्यासाठी खड्डा खणणारा स्वतःच त्यात पडतो, हे आपल्याकडे आजीही सांगत असे. या सर्व खड्ड्यांना एक खणणारा आहे, त्याचा काही हेतू आहे, आणि त्या हेतूचे काही फळ आहे. वाङ्मयातला खड्डा नैतिक असतो तो या अर्थाने.

खेळांकडे वळले तर मूळ आपल्या अंगणातच सापडते. मोक्षपट हा सापशिडीचा पूर्वज. परंपरा त्याचे नाते ज्ञानेश्वरांशी जोडते. त्यातले साप म्हणजे दुर्गुण. त्यांच्या तोंडी गेलेला खाली घसरतो. पण मोक्षपटावरचा साप उघड दिसतो. धोका लपवून ठेवण्याची कला संगणकीय खेळांनी वाढवली. 1982 साली डेव्हिड क्रेनने अटारी यंत्रासाठी रचलेल्या खेळाचे नावच ‘पिटफॉल’ होते. जंगलातून पळायचे, उघडणारे आणि मिटणारे खड्डे ओलांडायचे, वीस मिनिटांत बत्तीस खजिने गोळा करायचे. 1985 सालचा ‘सुपर मारिओ’ तर आपल्या घरातल्या आज तिशी-चाळिशीत असलेल्या पिढीने दूरदर्शन संचाला यंत्र जोडून खेळला आहे. शत्रूचा स्पर्श एखाद वेळी निभावतो, खड्डा मात्र कधीच निभावत नाही. जॉर्डन मेकनरच्या 1989 सालच्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’त काही फरशा पाय पडताच निखळतात आणि खालून सुळे वर येतात. दिसायला त्या इतर फरशांसारख्याच असतात.

मग मुले तो खेळ शिकतात कशी? पडून. पहिल्यांदा पडतात, दुसऱ्यांदा आठवणीने उडी मारतात. ‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ ही म्हण येथे विलक्षण रूप घेते, कारण ठेच खाणारा आणि शहाणा होणारा एकच असतो. तीन जीव मिळतात. ते संपले तर खेळ पुन्हा सुरू करता येतो. पालक विचारतात, अशा खेळांनी मुले धोक्याबाबत बेफिकीर होतात का? मला वाटते, प्रश्न थोडा वेगळा विचारायला हवा. खेळ मुलाला एवढेच शिकवतो की धोका नियमबद्ध असतो आणि चूक परत घेता येते. शिवारात यातले काहीच खरे नसते.

येथे बालविकासशास्त्रातले दोन प्रयोग आठवतात. 1960 साली एलिनॉर गिब्सन आणि रिचर्ड वॉक यांनी ‘दृश्य कडा’ हा प्रयोग प्रसिद्ध केला. एका टेबलाच्या अर्ध्या भागावर काचेखाली लगेच चौकड्यांचा पृष्ठभाग होता. उरलेल्या भागात तो काचेखाली बराच खोल होता. सहा ते चौदा महिन्यांची छत्तीस मुले मधल्या फळीवर ठेवली गेली. फळी सोडून जी सत्तावीस मुले पुढे सरकली, ती सगळी उथळ बाजूला आली; पलीकडून आई बोलावत असतानाही खोल बाजूच्या काचेवर केवळ तीन जणांनी पाऊल टाकले. याचा अर्थ, रांगणाऱ्या मुलालाही दिसणारी खोली कळते. निसर्गाने त्याला एवढे भांडवल दिलेले आहे. झाकलेला खड्डा नेमके तेच भांडवल निकामी करतो. गोणपाटाखाली दडलेली खोली डोळ्यांना दिसतच नाही, मग डोळे काय सावध करणार?

दुसरा प्रयोग 1983 सालचा, विमर आणि पेर्नर यांचा. गोष्टीतल्या मुलाच्या गैरहजेरीत त्याचे चॉकलेट एका कपाटातून दुसऱ्या कपाटात हलवले जाते. परत आल्यावर तो ते कोठे शोधेल? तीन वर्षांची मुले बहुधा म्हणतात, ‘जिथे आहे तिथे.’ चार-पाच वर्षांच्या आसपास उत्तर बदलते : ‘जिथे त्याने ठेवले होते तिथे.’ म्हणजे आपल्याला ठाऊक असलेली गोष्ट दुसऱ्याला ठाऊक नसते, हे या वयात उमगते. अंथरुणात उठून ‘जाऊ नको!’ ओरडणारे मूल हाच टप्पा ओलांडत असते. त्याच्या आधीच्या वयाचे मूल आपल्यावरचा धोका दुसऱ्या कोणाला ठाऊक असेल, याची कल्पनाही करू शकत नाही. त्याच्या वतीने ओरडण्याचे काम मोठ्यांचे आहे.

आता आपल्या भूमीकडे येऊ. बिदरच्या आसपासच्या आपल्या या भागाला जमीन खोदण्याचा जुना अनुभव आहे. बिदरच्या किल्ल्याचा जांभ्या दगडात कोरलेला तिहेरी खंदक म्हणजे एक प्रचंड खड्डाच. पण तो शत्रूसाठी, आणि उघडा. नौबादचा कारेझ हे पंधराव्या शतकातल्या बहामनी काळचे भूमिगत जलमार्गाचे काम. डोंगरातले झिरपणारे पाणी बोगद्याने आणायचे आणि वाटेत ठिकठिकाणी उभे झरोके खणून हवा, उजेड आणि उपशाची सोय करायची. काळाच्या ओघात यांतील काही झरोके माती-कचऱ्याखाली गडप झाले होते आणि अलीकडच्या दशकांत ते साफ करण्यात आले. पाण्यासाठी उभा खोदलेला खड्डा आणि त्याचा विसर पडलेली माणसे, ही जोडी आपल्याकडे नवी नाही.

1972च्या दुष्काळानंतर दख्खनच्या खेड्यांत बोअरची गाडी परिचयाची झाली. विहिरीला रुंदी असते, कठडा असतो, पायऱ्या असतात, सारे गाव तिला ओळखते. बोअर मात्र एका रात्रीत पडते. पाणी लागले तर तिच्यावर मोटार बसते. लागले नाही तर पुढच्या बोअरसाठी लागतो म्हणून केसिंगचा पाइप उपसून नेला जातो आणि तोंडावर दगड, गोणपाट किंवा बाभळीची फांदी पडते. दोन पावसाळ्यांत गवत वाढते. हा खड्डा कोणी कोणासाठी खणलेला नाही. त्यात शर्मिष्ठेचा राग नाही, शिकाऱ्याचा डाव नाही. त्याला खलनायकच नाही, आणि म्हणूनच तो कथेतल्या खड्ड्याहून भयंकर आहे. कारण जेथे खलनायक नसतो तेथे कोणाला दोषी वाटत नाही.

साडेसहा इंची बोअरचा परिघ सुमारे 52 सेंटिमीटर भरतो. वर्ष-दोन वर्षांच्या मुलाच्या डोक्याचा घेर साधारण 46 ते 48 सेंटिमीटर असतो. आपण रोज ज्या टेपने डोके मोजतो, त्याच टेपने हे गणित सुटते. हात वर झाले की खांदे आकसतात आणि मूल आत घसरते. 2006च्या जुलैमध्ये हरियाणातील कुरुक्षेत्र जिल्ह्यातला पाच वर्षांचा मुलगा सुमारे 60 फूट खोलीवरून जवळजवळ 50 तासांनी जिवंत निघाला आणि साऱ्या देशाने ते दूरचित्रवाणीवर पाहिले. 2014च्या ऑगस्टमध्ये बागलकोट जिल्ह्यातील सुळिकेरी आणि 2017च्या एप्रिलमध्ये बेळगाव जिल्ह्याच्या अथणी तालुक्यातील झुंजरवाड येथे मात्र सहा-सहा वर्षांची मुले वाचली नाहीत. 2019च्या फेब्रुवारीत पुणे जिल्ह्यातील थोरांदळे येथे एक मुलगा वाचला. 2024च्या एप्रिलमध्ये कलबुर्गीला लागून असलेल्या इंडी तालुक्यातील लच्याण गावात दोन वर्षांहून लहान बालक सुमारे वीस तासांनी जिवंत बाहेर आले. बचाव पथकांनी बाजूला समांतर खड्डा घेतला आणि नळीने प्राणवायू सोडला. द्रोणांची गवताची साखळी आजच्या काळात अशी दिसते.

आत अडकलेल्या मुलाचे काय होते, हे आपण जाणतो. छाती भिंतींमध्ये दाबली जाऊन श्वास उथळ होतो, अंग गार पडते, पाणी तुटते, हातापायांतला रक्तपुरवठा अडतो. घाईने सोडलेला दोर आणि काठावरची गर्दी माती ढासळवते आणि मूल आणखी खाली जाते. म्हणून पहिल्या तासात काठ मोकळा ठेवणे, जवळची यंत्रे थांबवणे, 112 वर कळवणे आणि आईचा आवाज मुलापर्यंत पोहोचत ठेवणे, एवढे गावकऱ्यांना सांगून ठेवण्यासारखे आहे.

सर्वोच्च न्यायालयाने 11 फेब्रुवारी 2010 रोजी यासंबंधी स्पष्ट आदेश दिले. बोअर मारण्यापूर्वी किमान पंधरा दिवस अधिकाऱ्यांना लेखी कळवावे, कामाच्या जागी फलक आणि काटेरी तारेचे कुंपण असावे, केसिंगभोवती जमिनीच्या वर 30 आणि खाली 30 सेंटिमीटर असा सिमेंटचा ओटा बांधावा, तोंडावर लोखंडी झाकण वेल्डिंगने किंवा नट-बोल्टने पक्के बसवावे, आणि सोडून दिलेली बोअर तळापासून जमिनीपर्यंत माती, वाळू, दगडगोट्यांनी भरावी. यातले शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे. झाकणे आणि भरणे यांत फरक आहे. झाकलेला खड्डा हा खड्डाच राहतो. तो अधिक धोकादायक होतो, इतकेच.

आपल्या व्यवसायाचा येथे काय संबंध, असे कोणी विचारील. लसीकरणाच्या भेटीत आपण घरातले रॉकेल, औषधे, पाण्याची टाकी यांची चौकशी करतो. रांगू लागलेल्या मुलाच्या आईवडिलांना आणखी एक प्रश्न विचारता येईल : ‘तुमच्या किंवा शेजारच्या रानात बंद पडलेली बोअर आहे का? ती भरली आहे की नुसती झाकली आहे?’ प्रश्नाला अर्धे मिनिट लागते. तुरीच्या राशीला किंवा ऊसतोडीला आईवडील मुलाला सोबत घेऊन जातात, त्या दिवसांत तर तो आवर्जून विचारावा. गावोगावच्या आरोग्य शिबिरांत वजनकाट्याशेजारी या विषयाचा एक फलक मराठीत आणि कन्नडमध्ये लावता येईल, आणि सरपंचांकडून आपल्या हद्दीतल्या सोडलेल्या बोअरची यादी मागता येईल.

गोष्टीतल्या मुलाला आपला आवाज ऐकू जात नाही, तरी लहान मुले ओरडतातच. शिवारातल्या मुलाच्या आईवडिलांना आपला आवाज ऐकू जातो. तेव्हा आपण ओरडायलाच हवे.